खोडावर पिकणारीं जांभळें

खोपट या शब्दाचा अर्थ गवतानें शाकारलेली झोपडी असा आहे. ठाण्यांतील ज्या भागाचें हें नांव आहे, तेथें आज शाकारलेलें छप्पर शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. एस. टी. चें आगार, सिद्धेश्वर तलाव आणि त्यांच्या आसपास वर चढत गेलेल्या इमारती हेंच तेथील आजचें दृश्य. तरी या इमारतींच्या आवारांत, कुंपणाची भिंत आणि वाहनांची जागा यांच्यामध्यें, चार-सहा हातांची एखादी पट्टी मोकळी राहते; आणि ज्या घराला गच्ची आहे त्याला दोन-चार पिंपें मांडण्याइतकी जागा मिळतेच. अशा जागेंत काय लावावें हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडाशीं अनेक घरांतून निघतो. तुळस, जास्वंद, कढीलिंब, अनंत हीं नेहमींचीं नांवें घेऊन झालीं म्हणजे हौशी माणसाचें लक्ष रोपवाटिकेंतील नवलाईकडे वळतें. गेल्या कांहीं वर्षांत या नवलाईंत एका ब्राझिली झाडाचें नांव वारंवार ऐकूं येऊं लागलें आहे. तें नांव जबोटिकाबा.

रोपवाटिकेंत जें रोप पुढें करतात तें दिसावयास अगदीं साधें असतें. बारीक, लांबट, टोंकदार पानें; कोंवळी पालवी तांबूस; खोडाची साल पेरूच्या सालीसारखी गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी. नवल असतें तें शेजारीं टांगलेल्या चित्रांत. त्या चित्रांतील झाडाचें खोड बुंध्यापासून वरपर्यंत टपोऱ्या काळ्या फळांनीं लगडलेलें दिसतें. फळाला देंठ नाहीं, फांदीचा शेंडा रिकामा, आणि सालीवर मात्र जणूं कोणी द्वाड पोरानें काळे मणी डिंकानें चिकटवून ठेवले आहेत. चित्र खोटें नाहीं. झाड वयांत आलें आणि त्याला मनासारखी जागा मिळाली तर तें असेंच फळतें. परंतु चित्रांतलें झाड आणि हातांतलें रोप यांच्यामध्यें किती वर्षांचें अंतर आहे हें चित्राखालीं लिहिलेलें नसतें. आणि बहुतेकांची निराशा तेथूनच सुरू होते.

वनस्पतिशास्त्रांत या झाडाला प्लिनिया कॉलिफ्लोरा म्हणतात. जुन्या पुस्तकांत तेंच मिर्सिअरिया कॉलिफ्लोरा या नांवानें सांपडेल. कॉलिफ्लोरा म्हणजे खोडावर फुलणारें. नांव परकें असलें तरी त्याचें कूळ महाराष्ट्राच्या पूर्ण ओळखीचें आहे. जांभूळ, पेरू, जाम, लवंग आणि निलगिरी हीं सर्व त्याचीं भाऊबंद. या कुळांतील झाडाचें पान उजेडासमोर धरलें तर त्यांत तेलाचे बारीक ठिपके दिसतात, आणि बोटांत चुरगळलें तर वास सुटतो. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या आणि आतां पालघर जिल्ह्यांत गेलेल्या बहाडोलीचें टपोरें जांभूळ ज्यानें चाखलें आहे, त्याला या फळाची कल्पना देणें सोपें जाईल. आकार त्याच्यापेक्षां गोल, द्राक्षासारखा. व्यास इंच-दीड इंच. साल जाड व काळीजांभळी. आंत पांढरा, क्वचित् गुलाबी छटेचा, पाणीदार गर आणि एक ते चार बिया. चव द्राक्षाची, तिला करवंदाची किंचित् धार.

ब्राझिलांत उच्चार ‘झाबुतिकाबा’ असा करतात. शब्द तेथील तुपी नांवाच्या आदिवासी भाषेंतला असून त्यांत कांसव या अर्थाचा ‘जबुती’ हा शब्द आहे, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. हें ऐकून कोणी हंसेल; पण तुपी भाषेशीं मराठी घराची ओळख आजची नाहीं. काजू हा शब्द त्याच भाषेंतून पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यास उतरला, आणि अननस या शब्दाचें मूळहि त्याच भाषाकुळांत आहे. पेरू आणि पपई हीं सुद्धां अमेरिकेचींच. मग या सर्व मंडळींबरोबर हें एकच झाड मागें कां राहिलें? काजूची बी कवचांत महिनेच्या महिने टिकते. अननसाचा शेंडा तोडून ठेवला तरी जगतो. जबोटिकाब्याचें फळ मात्र झाडावरून उतरल्यावर तीन-चार दिवसांत आंबूं लागतें, आणि बी सुकली कीं मरते. शिडाच्या गलबतांतला महिनोगणतीचा प्रवास अशा बीला झेपणें कठीणच. त्यांतून हें झाड समुद्रकांठचें नव्हे. मिनास जेराइस, साओ पावलो, गोयास अशा प्रांतांच्या आंतल्या मुलुखांत त्याची खरी वस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन लोकांचें लक्ष तिकडे गेलें. १९१३ सालीं त्यांच्या सरकारी शेतकी खात्यानें ब्राझिलांत धाडलेल्या मंडळींत विल्सन पोपेनो हे तरुण फळशास्त्रज्ञ होते. त्यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या उष्ण प्रदेशांतील फळांवरच्या ग्रंथांत या फळाचें वर्णन आलें आहे. भारतांत त्याचीं रोपें आतां केरळ, कर्नाटक आणि कोंकण येथील रोपवाटिकांतून विकत मिळतात.

फळ खोडावर धरणें ही गोष्ट कोंकणी माणसाला कांहीं अद्भुत वाटावयाची नाहीं. फणस तर जमिनीला टेंकून सुद्धां लागतो. उंबराचे घोस जुन्या फांद्यांना चिकटून असतात. बिलिंबीचीं आंबट फळें बुंध्यावरच लोंबतात. फरक आहे तो फुलाच्या डोळ्याच्या जागेचा. आंब्याचा मोहोर फांदीच्या शेंड्याला, गेल्या हंगामांत वाढून जून झालेल्या काडीवर येतो. म्हणून आंब्याचा मालक शेंड्याकडे डोळे लावून बसतो. जबोटिकाब्याचे फुलाचे डोळे जुन्या लांकडांत, सालीच्या आड, निजून असतात. अनुकूल वेळ आली कीं ते साल भेदून बाहेर पडतात, आणि खोड एका रात्रींत पांढऱ्या, केसाळ, बिनदेंठाच्या फुलांनीं भरून जातें. जें लांकूड कोंवळें आहे त्यांत असे डोळे तयार नसतात. झाड उंच झालें, पानांनीं डंवरलें, तरी खोड पुरेसें जून झाल्याशिवाय फळाची आशा करणें व्यर्थ होय.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते, ती ठाण्यांतील घरांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तेथील आवारांतून झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढण्याची चाल आहे. दिवाळींत त्याच बुंध्यांना खिळे ठोकून दिव्यांच्या माळा लावतात. आणि बुंध्याभोंवतीं सिमेंटचा पार बांधला म्हणजे आवार साजरें झालें असें समजतात. इतर झाडें हें सगळें मुकाट्यानें सोशीत असतील. पण ज्या झाडाची साल हीच त्याची फळबाग आहे, त्याच्या सालीवर चुन्याचा लेप देणें म्हणजे मोहोरावर फडकें गुंडाळण्यासारखेंच. हें झाड लावणाऱ्यानें रंगाऱ्याला व रखवालदाराला पहिल्या दिवशींच बजावून ठेवावें. छाटणीच्या बाबतींतहि तेंच. आंतल्या बाजूच्या बारीक, एकमेकींत अडकलेल्या काड्या काढून खोडापर्यंत उजेड आणि मधमाशी पोंचेल इतकी वाट करावी. जाड फांदीला कात्री लावूं नये. तिच्यावर पुढलीं अनेक वर्षें फळें यावयाचीं असतात.

आतां काळाचा प्रश्न. बीपासून वाढवलेलें झाड पहिलें फळ दाखवावयास आठ वर्षें घेतें. कधीं दहा, कधीं पंधराहि. चांगलें कलमी रोप साधारण त्याच्या निम्म्या काळांत फळावर येतें. येथें आंब्याचा अनुभव थोडा बाजूस ठेवावा लागतो. हापूसची कोय पुरून हापूस मिळत नाहीं, म्हणून तेथें कलमावांचून गति नाहीं. जबोटिकाब्याच्या एका बींतून बहुधा तीन-चार, कधीं सहापर्यंत कोंब फुटतात, आणि त्यांतले बरेचसे थेट आईच्याच अंगापासून झालेले असल्यामुळें आईच्या गुणाचे निघतात. तेव्हां बीचें रोप गुणानें हलकें नसतें, केवळ उशीरा फळणारें असतें. कलमाचे पैसे द्यावयाचे ते फळाच्या चवीसाठीं नव्हेत, वांचलेल्या वर्षांसाठीं. म्हणून पैसे मोजण्यापूर्वीं कलमाचा सांधा डोळ्यांनीं पाहून घ्यावा. या झाडाची साल पातळ आणि लांकूड कठीण असल्यामुळें डोळा भरणें साधत नाहीं. पाचर कलम किंवा भेट कलम करतात, आणि त्याचा वण जमिनीपासून वीतभर उंचीवर स्पष्ट दिसतो. वण नाहीं तर कलम नाहीं, मग विक्रेता कांहींहि सांगो.

जातींतहि निवड आहे. ब्राझिलांतल्या सबारा या गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी बारीक पानांची जात सर्वांत गोड व पातळ सालीची. पण तीच सर्वांत सावकाश. दुसरी लाल जबोटिकाबा म्हणून विकली जाणारी संकरित जात. तिचीं पानें मोठीं, फळ पिकल्यावरहि तांबूस राहतें, आणि योग्य निगा असेल तर बीचें रोपसुद्धां तीन-चार वर्षांत, कमरेइतकें असतांनाच, फुलावर येतें. चवीचा रसिक सबारा निवडील. परंतु ठाण्याच्या पट्टीत किंवा पिंपांत पहिलेंच झाड लावणाऱ्यानें लाल जात घ्यावी हें अधिक शहाणपणाचें. सहाव्या वर्षीं फळ न दिसल्यामुळें कंटाळून टाकून दिलेल्या सबाराचा उपयोग कोणासच होत नाहीं.

ही वर्षांची मोजदाद एवढ्या बारकाईनें करण्याचें कारण झाडापेक्षां घराकडे अधिक आहे. खोपटासारख्या भागांत इमारत तीस-चाळीस वर्षांची झाली कीं पुनर्विकासाचीं बोलणीं सुरू होतात. ज्या पट्टींत आज खड्डा खणावयाचा, ती दहा वर्षांनीं वाहनतळाच्या उतरणीखालीं जाण्याचा संभव असेल, तर जमिनींत झाड लावणें म्हणजे पहिल्या फळाच्या सुमारास त्याच्यावर कुऱ्हाड ओढवून घेणें होय. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणें महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं. तरी परवानगी मागणारे आणि देणारे दोघेहि असतात. दिलासा एवढाच कीं या झाडाचीं मुळें वरच्या थरांत दाट, तंतूंच्या जाळीसारखीं पसरतात, खोल जात नाहींत. आणि ब्राझिलांत चांगलीं मोठीं झाडें मुळांच्या गोळ्यासकट उचलून विकण्याचा धंदाच चालतो. तेव्हां इमारत हलवण्याची वेळ आली तर गोळा नीट बांधून, पावसाळ्याच्या आरंभीं, झाड दुसरीकडे नेणें अगदींच अशक्य नाहीं. परंतु आपल्या इमारतीचें वय किती, हें रोप आणण्यापूर्वींच पाहावें. आणि शंका असल्यास सरळ पिंपाचा मार्ग धरावा.

जमिनींतच लावावयाचें ठरलें तर मातीची परीक्षा प्रथम. या झाडाला किंचित् आम्ल, भुसभुशीत, पानांच्या कुजीनें समृद्ध अशी माती लागते. चुनखडीची माती त्याला मुळींच सोसत नाहीं. शहरांतील आवारांत तर माती म्हणून जें असतें तें पुष्कळदां बांधकामाची राडारोडा भर असते: सिमेंट, चुना, विटांचा चुरा, वर चार बोटें तांबडी माती पसरलेली. अशा जागीं रोप वर्षभर तग धरतें, मग त्याचीं नवीं पानें पिंवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मालक समजतो पाणी कमी पडलें. खरें पाहतां चुन्यामुळें मातींतील लोह झाडाला घेतां येईनासें झालेलें असतें. परीक्षा घरच्या घरीं होते. हातभर खोलीवरची मूठभर कोरडी माती काढून बशींत घ्यावी व तिच्यावर शिरका ओतावा. बुडबुडे उठले तर मातींत चुना आहे असें समजावें, आणि तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तींतली सगळी भर बाहेर टाकावी. मग तांबडी माती, चांगलें कुजलेलें शेणखत आणि पालापाचोळ्याचें खत यांच्या मिश्रणानें खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करावा. भिंतीपासून सहा-आठ फूट अंतर मिळालें तर उत्तम. पानें पिंवळीं पडलींच, तर लिटरभर पाण्यांत पांच ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळच्या वेळीं पानांवर फवारा द्यावा. हा उपाय तात्पुरता. रोग मातींत असतो.

घरोघरीं झाडांना राख, अंड्यांचीं टरफलें, उरलेला चुना घालण्याची संवय असते. इतर झाडांना तें मानवत असेल, या झाडाला नाहीं. तिन्ही वस्तू मातीचा आंबटपणा मारतात. चहाचा चोथा मात्र कुजवून घातल्यास चालतो, साखर-दूध धुऊन टाकलेलें असावें इतकेंच. खत वर्षांतून तीन वेळां, थोडें थोडें द्यावें. नत्राचा मारा केला तर झाड हिरवेंगार होतें, शेजारी वाहवा करतात, आणि खोड कोरडें राहतें.

पाण्याच्या बाबतींत ठाण्याचें हवामान या झाडाला अर्धें फार अनुकूल आणि अर्धें फार प्रतिकूल आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तेथें शंभर इंचांच्या घरांत पाऊस कोसळतो. तेवढा पाऊस झाडाला आवडतो, मात्र तो बुंध्याशीं साचून राहतां कामा नये. उंचवटा करावयाचा तो यासाठींच. खरी कसोटी उरलेल्या आठ महिन्यांची. मुळें वरच्या थरांत असल्यामुळें ऑक्टोबरच्या उन्हानें जमिनीचा वरचा थर तापला कीं झाडाला लागलीच झळ पोंचते, आणि एकदां पुरतें सुकलेलें जबोटिकाबा पुन्हां जोमाला यावयास वर्ष घालवितें. यास उत्तम उपाय आच्छादनाचा. वाळलेलीं पानें, गवत आणि त्यांवर नारळाचीं सोडणें पालथीं मांडून चार-पांच इंचांचा थर बुंध्याभोंवतीं दोन-तीन हात पसरावा. फक्त बुंध्याला तो चिकटूं देऊं नये, नाहींतर साल कुजते. ठाण्याच्या बाजारांत नारळवाल्याच्या दुकानापुढें या सोडणांचा ढीग पडलेला असतो, मागितल्यास तो आनंदानें देतो. पाणी गोडें असावें. खाडीकडच्या अंगाला कूपनलिकेचें पाणी मचूळ लागत असेल तर तें झाडाला घालूं नये. पानांच्या कडा करपूं लागल्या कीं मिठाचा संशय घ्यावा. पहिलीं दोन-तीन वर्षें चैत्र-वैशाखाच्या उन्हांत दुपारची सांवली करावी. पुढें झाड उन्हाला बिचकत नाहीं.

पिंपाचा मार्ग धरणाऱ्यानें आरंभीं लहान कुंडी घेऊन दर दोन वर्षांनीं ती बदलीत जावें, आणि शेंवटीं दोनशे लिटरचें प्लास्टिकचें पिंप मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागांत झाड स्थिर करावें. बुडाला आठ-दहा भोंकें, खालीं विटांचा आधार. ओल्या मातीसकट असें पिंप दीडशे किलोच्या पुढें जातें, म्हणून तें गच्चीवर तुळईच्या किंवा खांबाच्या जवळ ठेवावें. खिडकीबाहेरच्या लोखंडी जाळींत हें झाड लावण्याचा विचारहि करूं नये. पिंपांतल्या झाडाला एप्रिल-मे महिन्यांत रोज, क्वचित् दोन वेळां पाणी लागतें. बोट मातींत दोन पेरें खुपसून पाहावें. टोंकाला ओल लागली नाहीं तर पाणी द्यावें. सुटीसाठीं घराला कुलूप घालून पंधरा दिवस गांवीं जाणाऱ्या कुटुंबानें शेजाऱ्याशीं गोडी ठेवावी, हें वेगळें सांगावयास नको. पिंपांत झाड सहा-सात फुटांवर थांबतें, फळेंहि बेताचीं येतात; परंतु येतात, आणि घर बदललें तर झाड टेम्पोंतून बरोबर जातें.

ब्राझिलांत थंड, कोरडा काळ सरून पावसाला सुरुवात झाली कीं मुख्य बहर येतो. आणि जेथें वर्षभर पाणी मिळतें तेथें वर्षांतून अनेक वेळां फळें लागतात. त्यावरून येथील क्रम ठरवितां येतो. झाड वयांत आल्यावर पौष-माघांत पाणी थोडें आंखडतें घ्यावें, पानें गळून पडतील इतकें मात्र नव्हे. मग फाल्गुनापासून भरपूर द्यावें. त्यानंतर मृगाच्या पावसाचा आधार आहेच. फूल फार दिवस टिकत नाहीं. एकटें झाडहि फळ धरतें, तरी जवळ दोन-तीन झाडें असलीं तर धारणा अधिक होते असा अनुभव आहे. म्हणून एका आवारांतल्या दोन घरांनीं मिळून लावल्यास दोघांचाहि लाभ. फूल गळाल्यापासून महिना-सव्वा महिन्यांत फळ तयार होतें. हिरव्याचें तांबूस, तांबुसाचें काळें. आंबा उतरवून अढींत पिकवितां येतो, हें फळ तोडल्यावर पिकत नाहीं. म्हणून पुरतें काळें होऊन किंचित् मऊ लागेपर्यंत हात आवरावा. तेवढ्या अवधींत बुलबुल, खार आणि रात्रीं वटवाघूळ यांना बातमी लागलेली असते. फांद्यांच्या शेंड्यावरचें फळ राखणें कठीण, खोडावरचें सोपें: जुन्या मच्छरदाणीचें कापड खोडाभोंवतीं सैल गुंडाळून दोन ठिकाणीं बांधलें कीं काम झालें. सालीच्या सांध्यांत पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवावा. त्याच्यामागून मुंग्या येतात आणि त्यांनाहि तेवढ्यानेंच उतार पडतो.

फळ खाण्याची रीत ठरलेली आहे. दोन बोटांत धरून दाबावें, साल तडकते आणि गर तोंडांत उडी घेतो. साल तुरट असते. दोन-चार सालींनीं बिघडत नाहीं, पण रोज ओंजळभर चावूं नये. सालींतला जांभळा रंग जांभळांतल्या आणि कोकमांतल्या रंगाच्याच जातीचा आहे. त्यावरून मधुमेहापासून म्हातारपणापर्यंत सर्वांवर हें औषध असल्याच्या जाहिराती निघतात. त्या वाचाव्यात आणि विसराव्यात. एका वेळीं फळ फार उतरलें तर सालीसकट उकळून, गाळून, साखर घालून सरबताचा अर्क करावा. रंग कोकमाच्या सरबताहून गडद येतो.

झाडावरून काढल्यापासून तीन-चार दिवसांत फळ आंबूं लागतें हें वर आलेंच आहे. म्हणून दूरच्या बाजाराला हें फळ मानवत नाहीं. सबाराकडे तर हंगामांत झाडच भाड्यानें देण्याची पद्धत आहे: ठरलेले पैसे द्यावे आणि त्या झाडाखालीं उभें राहून मनसोक्त खावें. खोपटांत कोणाला झाड भाड्यानें द्यावें लागणार नाहीं. पहिल्या वर्षीं फळें दहा-बारा येतील, तीं घरांतल्या मुलांतच संपतील. बिया मात्र केरांत जाऊं देऊं नयेत. गर धुऊन टाकून त्याच संध्याकाळीं त्या ओल्या, भुसभुशीत मातींत बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेराव्यात, आणि कुंडी सांवलींत ठेवावी. तीन ते सहा आठवड्यांत कोंब येतात. एकाच बींतले तीन-चार कोंब दोन पानांचे झाले म्हणजे हलक्या हातानें वेगळे करून निरनिराळ्या पिशव्यांत लावावेत, आणि पिशवीवर पेरल्याचें साल लिहून ठेवावें.